दादानं हात वर केला होता

दादा गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं दिली. मी नेवासा तालुक्यातल्या एका लहान गावी शाळेत शिकवते. दुष्काळामुळे यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळा उघडी होती, मुलांना सुकडीचा खाऊ वाटायचा असायचा. मी व्हरांड्यात रांग लावून घेत होते, तेवढ्यात गाडी शाळेसमोर थांबली. एरवी ती तिथं थांबत नाही. कंडक्टर खाली उतरला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "बाई, तिसगावहून सकाळच्या गाडीबरोबर निरोप आलाय. तुमचे बंधू गणपतराव गेले. गाडी थांबवून धरलीय, चला." सुकडीचं पातेलं कुणाच्या हाती दिलं, मुलीला कधी कडेवर घेतलं, काही आठवत नाही. गाडीतल्या लोकांनी सरकून मला खिडकीजवळ बसवलं आणि तिसगाव येईपर्यंत कुणी काही विचारलं नाही, एवढंच लक्षात आहे…

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी त्याला भेटून आले होते. कावीळ होती. दुष्काळी कामावरच्या टाकीतलं गढूळ पाणी कितीजणांना बाधलं. दादाला ते जास्त बाधलं. झाडपाल्याचं औषध झालं, मग नगरला नेलं, तिथून परत आणलं. अंगणात खाटेवर पडून होता. डोळे हळदीसारखे झालेले. मला बघून हसला आणि म्हणाला, "बघ सुमे, मुंबईत लाल झालं, इथं पिवळं झालं. डोळ्यांचंच काय तरी घेऊन आलोय मी." मीही हसले. त्या लाल डोळ्यांची गोष्ट मला ठाऊक आहे अशी तेव्हा माझी समजूत होती. माझी समजूत खोटी होती, आणि ती खोटी आहे हे माझ्या अगदी जवळच्या माणसांना ठाऊक होतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या भागातली माणसं दिवाळी झाली की कोपरगावकडे ऊसतोडीला जातात. दादा कोपरगावला न जाता मुंबईला गेला. गावचा एक माणूस गोदीत होता, त्यानं याला नेलं. आधी पोती वाहिली, मग काही वर्षांनी टोळीत इशारा देण्याचं काम मिळालं. जहाजाच्या पोटातून माल काढायचा किंवा आत सोडायचा, तर माल ओढायचं यंत्र, म्हणजे विंच, चालवणाऱ्याला खालचं काही दिसत नाही. पोटाच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो, तो खाली बघतो आणि हातानं सांगतो… सोड, ओढ, थांब. विंचवाला त्या हाताकडे बघून दांडा फिरवतो. खालची माणसं त्या हाताच्या भरवशावर माथ्यावर मालाची जाळी लोंबत असतानाही काम करतात. दादा सुट्टीला आला की जेवताना आम्हाला ते इशारे करून दाखवायचा. भाकरी संपली की "ओढ" आणि कालवण पुरे झालं की वळलेली मूठ वर… "थांब". वहिनी पदराआड हसायची.

माझं लग्नही दादानंच जमवलं. त्याच्याच टोळीत पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावचा मुलगा होता. दादानंच त्याला गोदीत लावलं होतं, आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं, विंचवर बसायला शिकवायला म्हणून एका जुन्या विंचवाल्याच्या मागे लागला होता. तो मुलगा म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव श्रीपती. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही आजवर उखाण्यापलीकडे घेतलं नव्हतं. इथं घेणार आहे. न घेतल्यामुळे पुष्कळ काही झाकलं गेलं आहे. लग्न झाल्या दिवसापासून दादानं मात्र त्यांना नावानं हाक मारणं सोडलं. कालपर्यंत "ए शिरपा" म्हणणारा माणूस "दाजी, पाणी घेता का" असं विचारू लागला. श्रीपती लाजायचे. "दादा, निदान गोदीत तरी नावानं बोलवा," म्हणायचे. दादा म्हणायचा, "गोदीत काय बहीण बदलती व्हय?"

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मी मे महिन्याची सुट्टी काढायला मुंबईला गेले, तेव्हा डोळ्यांची साथ सुरू झाली होती. लोक थट्टेनं तिला 'जय बांगला' म्हणायचे, कारण तिकडून येणाऱ्या निर्वासितांबरोबर ती आली असं बोललं जायचं. पुढे कुणी सांगितलं की ती त्याच्याही आधी आफ्रिकेत होती, मग कुठल्या कुठल्या बंदरांतून फिरत आली. गोदीतल्या माणसांना त्यात नवल वाटलं नाही. जहाजातून माल येतो तसा आजारही येतो, हे त्यांना पहिल्यापासून माहीत. पण हा आजार विचित्र होता. माणूस मरत नव्हता, तापानं फणफणत नव्हता. सकाळी डोळ्यांत खडा गेल्यासारखं व्हायचं आणि दुपारपर्यंत डोळे रक्तासारखे लाल होऊन सुजून जायचे. चाळीत घराघरांत माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली. मलाही झालं. दादा माझ्या डोळ्यांत गुलाबपाणी घालायचा आणि म्हणायचा, "वर बघ. माझ्याकडं नको बघू, वर बघ."

जहाजं मात्र थांबत नाहीत. गव्हाची, खताची जहाजं येऊन उभी आणि उतरवायला माणसं नाहीत. मग गोदीनं आपल्या रीतीनं मार्ग काढला. फाटकावर एक माणूस उभा केला, तो खालची पापणी ओढून डोळे तपासायचा. लाल दिसला की माघारी. निम्म्या निम्म्या उरलेल्या दोन टोळ्यांची एक टोळी करायचे, त्यामुळे कधी एकमेकांना न पाहिलेली माणसं एका जहाजावर यायची. ज्यांना येऊन गेलं त्यांना भाव आला, कारण त्यांना आता पुन्हा होणार नाही असं सगळे धरून चालले होते. बऱ्या झालेल्यांना उजेड सहन व्हायचा नाही, म्हणून फुटपाथवरचे काळे चष्मे लावायला मुकादमानं परवानगी दिली. आणि दादानं शिट्टी आणली. माणसांचे डोळे पाणावलेले, हाताचा इशारा नीट दिसेल न दिसेल. तेव्हा हाताबरोबर शिट्टीही वाजवायची. तुटक वाजवली की सोड, लांब वाजवली की थांब. मुकादमाला पटलं, आणि हळूहळू दुसऱ्या जहाजांवरही शिट्ट्या वाजू लागल्या. एके संध्याकाळी दादानं मला समुद्राच्या बाजूला नेलं आणि म्हणाला, "ऐक. ती आपली शिट्टी." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, मी परत आले. मला दिवस गेले होते. थोड्याच दिवसांनी कळलं की दादाच्या जहाजावर अपघात झाला. पोत्यांची जाळी खाली काम करणाऱ्या भिवा नावाच्या माणसावर आली. तो आमच्याच तालुक्यातला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. चौकशी झाली, आणि तीत दादाचा हात चुकला असं ठरलं. त्याचे डोळे आले होते, ते त्यानं लपवलं, खालचं नीट न बघता "सोड" म्हणून हात केला. दादाला गोदीतून काढलं. ही हकिगत मला श्रीपतींनी सांगितली, खास रजा काढून येऊन, माझ्याशेजारी बसून. म्हणाले, "दादांचं वाईट झालं. पण काय करणार, चूक ती चूक." दादा गावी आला तेव्हा मी त्याला भेटायला गेले. त्यानं काही नाकारलं नाही. "व्हय, झालं तसं," एवढंच म्हणाला आणि माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला.

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि रस्त्यांची कामं निघाली. दादा आणि वहिनी खडी फोडायला जाऊ लागले. गावाला मुंबईची गोष्ट कळलेली होती. कामावर दगडाला भोक पाडायला एकानं छिन्नी धरायची आणि दुसऱ्यानं घण मारायचा असतो. दादाच्या घणाखाली छिन्नी धरायला कुणी तयार होईना. कुणी वाईट बोलायचं नाही. नुसतं दुसरीकडे बसायचं. मुकादम म्हणायचा, "गणपतराव, तुमी आपली बारकी खडी फोडा." शेवटी वहिनी पुढे झाली. डोक्यावरचा पदर घट्ट बांधून छिन्नी धरून बसली आणि म्हणाली, "हाना." दादा आजारी पडेपर्यंत ती दोघं अशी कामाला होती. मी एकदा तिथं गेले होते. दादानं मला लांबून पाहिलं, घण खाली ठेवला आणि कपाळावर हात धरून बघत राहिला. मला वाटलं, त्याला दिसत नसेल. मी ओरडून सांगितलं, "दादा, मी आहे." तो म्हणाला, "दिसतंय की गं. तुझ्या साडीला चिखल कुठला लागला दुष्काळात, ते बघतोय."

दहाव्याचा विधी नदीच्या कोरड्या पात्रात झाला. पाणी घागरीतून नेलं होतं. माणसं परतू लागली तेव्हा बाभळीच्या सावलीत एक माणूस कुबडी शेजारी ठेवून बसलेला दिसला. त्यानं हात जोडले. "मी भिवा. मुंबईचा." माझ्या भावानं ज्याचा पाय घेतला तो माणूस त्याच्या दहाव्याला आला होता. मी म्हटलं, "तुम्ही आलात, मोठं मन तुमचं. दादाच्या हातून तुमचं फार नुकसान झालं."

त्यानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. मग इकडे तिकडे पाहिलं, दहाव्यासाठी मुंबईहून आलेले श्रीपती पुढे निघून गेले होते. "बाई, तुमाला कुनी सांगितलं न्हाई का?" तो म्हणाला. "मी खाली हुतो. लांब शिट्टी ऐकली म्हनून वर बघितलं. गणपतराव तोंडाशी हुबे, हात वर, मूठ वळलेली. आभाळात दिसावी तशी दिसली मला ती मूठ. अन् तरी जाळी खालीच येत हुती."

मी विचारलं, "मग चौकशीत का नाही सांगितलंत?"

"मी दवाखान्यात बेसुद. मला विचारलं कुनी? सुदीवर आलो तवा सगळं मिटलं हुतं. गणपतराव भेटाया आले. मी म्हनलं, चला, मी सांगतो सायबाला. तर पाय धरले माझे… हा तुटका न्हाई, हा हाय त्यो पाय. म्हनले, बहिनीचं घर हाय, भिवा, गप ऱ्हा." त्यानं कुबडी जवळ ओढली. "आता मानूसच गेलं. कुनासाठी गप बसू?"

घरी आल्यावर मी श्रीपतींना गोठ्याच्या बाजूला बोलावलं. गोठ्यात जनावरं नव्हती, ती छावणीत होती. मी विचारलं, "त्या दिवशी डोळे कुणाचे आले होते?" ते म्हणाले, "तो विषय आता कशाला?" मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग त्यांनी सांगितलं, अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. सकाळी डोळ्यांत खुपत होतं, फाटकावर काही दिसलं नाही. दुपारी डोळे सुजले. जेवणाच्या सुट्टीत दादानं पाहिलं आणि विंचवरून उतरा म्हणाला. पण विंचवरची जागा नवी होती, आठ दिवस घरी बसलं तर ती दुसऱ्याला मिळाली असती. काळा चष्मा लावून हे पुन्हा विंचवर बसले. शिट्टी ऐकली, पण लांब की तुटक ते विंचच्या आवाजात कळलं नाही. बरोबरची माणसं दुसऱ्या टोळीतली, मुकादम शेडमध्ये, खरं सांगणारं कुणी नव्हतं. त्यानंतरचे दिवस दादानं यांना खोलीत ठेवलं, दोन्ही वेळा डोळ्यांत औषध घातलं. यांचे डोळे निवळले आणि दादाचे आले. चौकशीला उभे राहिले तेव्हा साहेबासमोर यांचे डोळे स्वच्छ होते आणि दादाचे लाल.

मी विचारलं, "साहेबाला तुम्ही काय सांगितलंत?"

"हात खाली होता म्हणून."

"होता का?"

त्यांनी रिकाम्या दाव्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग म्हणाले, "मला दिसला नाही."

"दिसला नाही, तर खाली होता असं कसं सांगितलंत?"

"तुझ्या पोटात पोर होतं, सुमन."

या एका वाक्यानं मला जे झालं ते अजून उतरलेलं नाही. माझ्या पोटातल्या मुलीच्या नावावर दोन पुरुषांनी आपापसात एक व्यवहार केला. एकानं खोटं सांगितलं, दुसऱ्यानं ते मान्य केलं, आणि जिच्यासाठी म्हणून हे सगळं झालं तिला दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मी दोन वर्षं श्रीपतींना सणाला पुरणाचं वाढत होते आणि माझा भाऊ दुष्काळी कामावर घण घेऊन उभा होता.

तेराव्याला पंगत बसली होती. मी आमटी वाढत होते. गावातले एक वडीलधारे गृहस्थ, मनानं चांगले, हळहळून म्हणाले, "गणपत देवमानूस. नजरेनं घात केला त्याचा." मी आमटीचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, "आबा, दादाची नजर चांगली होती. दादानं हात वर केला होता. ज्यांना तो दिसला नाही ते या पंगतीत बसलेत, आणि ते माझे यजमान आहेत." आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. श्रीपतींनी घास पानात ठेवला, उठून हात धुतले, पिशवी घेतली आणि स्टँडकडे गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही. आबा माझ्याकडे बघत राहिले, आणि मग मान खाली घालून म्हणाले, "आमी त्याच्या घणाखाली बसलो न्हाई गं."

मला वाटलं होतं, वहिनीला बरं वाटेल. पाहुणे गेल्यावर ती चुलीपुढे बसून भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, हे बरं न्हाई केलं. त्येंनी दोन वर्सं झाकून ठिवलं, तुमी एका जेवनात उघडं केलं."

"तुला माहीत होतं?"

"मला न्हाई तर कुनाला?"

"मग मला का नाही सांगितलंस? मला कुणी विचारलं होतं का, झाकायचं की नाही म्हणून?"

तिनं भांडं बाजूला ठेवलं. राखेचे हात तसेच मांडीवर धरून बसली. "म्या म्हनलं हुतं त्येंला, वन्सं शिकलेल्या हायेत, त्येंला सांगा. तर म्हनले, शिकलेली हाय म्हनूनच न्हाई सांगायचं, ती नांदायची न्हाई." मग म्हणाली, "एकदाच रडले. गोदी सुटली म्हनून न्हाई. म्हनले, शिरपा खोटं बोलला त्याचं काय न्हाई, भ्यालं आसंल पोरगं. पन माझ्याकडं न बघता बोलला. सायबानं मला इचारलं, खरं का? मी त्याच्याकडं बघत हुतो, त्यानं मान वर केली न्हाई. मग म्हनलं, आसंल सायेब."

दादाच्या तोंडून पुन्हा 'शिरपा' निघालं होतं, हे तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. आणि मला दादाचाही राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं वाईट असं म्हणतात. पण मला आला, आणि अजून आहे. श्रीपतींनी त्याला फसवलं. त्यानं मला फसवलं, माझ्या भल्यासाठी फसवलं, म्हणून ते जास्त लागतं. जिवंत असता तर मी त्याच्याशी भांडले असते. त्यानं ऐकून घेतलं असतं आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली असती…

आता दीड महिना झाला. श्रीपती मुंबईत आहेत. गोदीत जाऊन साहेबाला खरं सांगावं असं मी त्यांना कळवलं आहे. भिवा साक्षीला यायला तयार आहे. त्यानं दादाची नोकरी परत येणार नाही, ते मलाही कळतं. श्रीपतींचं उत्तर आलेलं नाही. मी मुलीला घेऊन शाळेच्या गावीच राहते आणि रविवारी तिसगावला जाते.

गेल्या रविवारी गेले तेव्हा मोरीकडच्या भिंतीसमोर उभी राहिले. मुंबईहून परत आल्यावर दादानं तिथं लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. साथीच्या दिवसांत गोदीतल्या खोल्यांवर एक नियम झाला होता, ज्याचं त्याचं फडकं वेगळं, दुसऱ्याच्या फडक्यानं तोंड पुसायचं नाही. साथ गेली, खोल्यांवर पुन्हा एकाच फडक्याला सगळे तोंड पुसू लागले असतील. पण दादानं तो नियम घरी आणला आणि कधी मोडू दिला नाही. त्याची खुंटी, वहिनीची, दोन्ही मुलांची. त्याचा पंचा वहिनी अजून धुऊन त्याच्याच खुंटीला वाळत घालते. कुणी त्याला हात पुसत नाही, तरी आठवड्याला तो धुतला जातो. त्याच्या शेजारी एक खुंटी रिकामी होती. मी विचारलं, "ही कुणाची?"

"दाजींची," वहिनी आतून म्हणाली. "पाव्हणं आलं की त्येंला कुनाचं फडकं द्यायचं न्हाई, म्हनून ठोकली. नवा पंचा काढून ठिवायचे त्येंच्यापुरता."

म्हणजे सगळं झाल्यावर, गोदी सुटल्यावर, गावी येऊन त्यानं ही खुंटी ठोकली होती. मी ती धरली आणि ओढली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, पिळून पाहिली. भिंतीतली थोडी माती सांडली, पण खुंटी जागची सुटेना.

वहिनी दारात येऊन बघत होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वन्सं. पोरांची दप्तरं टांगीन तिला."